'झी' आणि मूळव्याध : चिनी पारंपरिक उपचारांच्या वाचनाची चिकित्सा

प्रास्ताविक

प्राचीन वैद्यकपरंपरांविषयी लिहिताना 'हा उपचार दोन हजार वर्षांपासून अखंड चालत आला आहे' असे विधान फार सहजपणे केले जाते. विधान गौरवाचे असल्यामुळे ते सहसा तपासले जात नाही. विरोधकही तेच विधान स्वीकारून 'म्हणजेच हे सारे जुनाट आहे' असा उलट निष्कर्ष काढतात. परंपरा अखंड आहे हे गृहीत दोन्ही पक्षांना मान्य असते. मूळव्याधीवरील चिनी उपचारांचा इतिहास मात्र या गृहीताला आधार देत नाही. तेथे काही कृती लोपल्या, काही घातक ठरून टाकल्या गेल्या, काहींचे नाव तेच राहून आतील द्रव्य बदलले, तर काही विसाव्या शतकात नव्याने घडवून त्यांना जुने नाव दिले गेले. या परंपरेतील जे मोलाचे आहे ते तिच्या प्राचीनत्वात नसून तिने स्वतःचीच केलेल्या तपासणीत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

या चर्चेसाठी मूळव्याधीचीच निवड का, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. हा आजार प्रतिष्ठेचा नाही. मराठीत 'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण रूढ आहे. तिच्यातील विनोदामागे रुग्णाचा संकोच आणि वैद्याची अडचण दोन्ही उभे आहेत. चिनी वाङ्मयातही या दुखण्याचा उल्लेख उपरोधाने येतो. 'झ्वांगझी' या ताओ परंपरेतील ग्रंथात राजाकडून मिळालेल्या रथांची बढाई मारणाऱ्या एका गृहस्थाला सुनावले जाते, की राजाचे गळू फोडणाऱ्याला एक रथ मिळतो आणि त्याची मूळव्याध चाटणाऱ्याला पाच. उपचाराची जागा जितकी खालची, तितके रथ अधिक. ही कथा वैद्यकाची नाही, लाचारीची आहे. तरीही ज्या दुखण्याकडे पंडित नाक मुरडून पाहतात त्याचा उपचार कोणाच्या हाती जातो, हे तिच्यातून सूचित होते. चीनमध्ये बाह्य व्याधींवर हाताने उपचार करणाऱ्या वैद्याचे स्थान नाडी पाहून काढे लिहिणाऱ्या पंडित-वैद्याच्या खाली राहिले. त्यामुळे मूळव्याधीच्या इतिहासात सिद्धांतापेक्षा हाताचे काम अधिक स्पष्ट दिसते.

शब्दाचा प्रश्न

अशा लेखनातील पहिली चूक अनुवादाची असते. चिनी ग्रंथांतील 'झी' या शब्दाचे भाषांतर सरसकट 'मूळव्याध' असे केले जाते. आधुनिक वैद्यकात मूळव्याध म्हणजे गुदमार्गातील रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सुजून खाली सरकणे. 'झी'ची व्याप्ती याहून पुष्कळ मोठी आहे. इ. स. ६१० मध्ये चाओ युआनफांग यांनी सुइ राजवटीच्या आज्ञेने रोगांची कारणे व लक्षणे सांगणारा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात 'झी'चे नर, मादी, वाहिनी, आंत्र आणि रक्त असे पाच प्रकार येतात. नर प्रकारात गुदाजवळ उंदराच्या स्तनाग्रासारखा मांसाचा कोंब येतो. मादी प्रकारात सूज व व्रण असतात. वाहिनी प्रकारात खाज व चीर, आंत्र प्रकारात गाठीबरोबर थंडीताप, तर रक्त प्रकारात शौचाच्या वेळी रक्तस्राव होतो. आजच्या निदानानुसार यात मूळव्याध, फिशर, गळू आणि भगंदर अशा किमान चार स्वतंत्र व्याधी एकत्र आहेत.

म्हणून 'चिन्यांनी मूळव्याध बरी केली' या विधानाला 'कोणती?' असा प्रतिप्रश्न केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा दोष केवळ चिनी नाही. मराठी बोलीतही गुदाजवळच्या बहुतेक दुखण्यांना 'मूळव्याध' किंवा 'मोड आले' असेच म्हटले जाते. परंतु लोकभाषेत जे क्षम्य आहे ते अभ्यासकाच्या लेखनात क्षम्य ठरत नाही.

रेशमावरील शस्त्रकर्म

हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे हान काळातील तीन थडगी सापडली. त्यांतील तिसरे थडगे इ. स. पू. १६८ मध्ये बंद झाले होते. ते १९७३ साली उघडले असता रेशमावर लिहिलेले अनेक ग्रंथ मिळाले. त्यांतील एका वैद्यकीय हस्तलिखिताला शीर्षक नव्हते. आरंभीच्या अनुक्रमणिकेअखेर एकूण बावन्न अशी नोंद असल्याने संपादकांनी त्याला 'बावन्न व्याधींवरील उपचार' हे नाव दिले. डोनाल्ड हार्पर यांच्या १९९८ मधील इंग्रजी अनुवादामुळे हा ग्रंथ चीनबाहेरच्या अभ्यासकांना सुलभ झाला.

या ग्रंथातील 'झी'विषयीचा भाग मुळातून वाचण्यासारखा आहे. नर प्रकाराच्या एका रूपात कोंब बारीक दोरीने बांधून सुरीने कापावा, असे सांगितले आहे. मादी प्रकारातील एक कृती अधिक धीट आहे. आतले 'घरटे' गुदमार्ग अडवून बसले असेल तर कुत्रा मारून त्याचे मूत्राशय काढावे, ते बांबूच्या नळीवर चढवावे, आत सारून फुंकून फुगवावे आणि बाहेर ओढावे. त्यासरशी आतला भाग बाहेर येतो. मग सुरीने ते 'घरटे' सावकाश सोलून काढावे आणि जखमेवर ह्वांगछिन या पिवळ्या मुळीचे चूर्ण पुनःपुन्हा लावावे. गुद बाहेर येऊन परत आत जात नसेल तर त्यावर चरबी लावावी, रुग्णाला उलटे टांगावे आणि त्याच्या छातीपोटावर थंड पाणी शिंपडावे, असेही सांगितले आहे. दुसऱ्या एका कृतीत जमिनीत खड्डा करून त्यात दवण्याच्या कुळातील वनस्पती व विलो वृक्षावरची अळंबी जाळायची, वर बुडाला भोक पाडलेले भांडे पालथे घालायचे आणि रुग्णाने त्यावर बसून धुरी घ्यायची आहे.

या मजकुराचे वाचन आजवर बहुधा अभिमानाने झाले आहे. फुगवलेल्या मूत्राशयाची तुलना आधुनिक फुग्याच्या नळीशी केली जाते. तुलना आकर्षक आहे, पण ती तीन गोष्टी झाकते. पहिली गोष्ट अशी, की मादी 'झी'च्या याच भागात अनेक छिद्रे असलेल्या आणि पांढरे कृमी बाहेर येणाऱ्या विकाराचे वर्णन आहे. त्यावरून 'घरटे' हा शब्द सुजलेल्या वाहिन्यांऐवजी भगंदराच्या पोकळीला अधिक लागू पडतो. म्हणजे मूळव्याधीवरील आद्य शस्त्रकर्म म्हणून जे गौरवले जाते ते मूळव्याधीवरील असेलच असे नाही. दुसरी गोष्ट, त्याच रेशमावर इतर व्याधींसाठी मंत्र, थुंकणे आणि विशिष्ट पावले टाकण्याचे विधी दिले आहेत. लेखकाने सुरी आणि मंत्र यांत भेद केलेला नाही. तो भेद विसाव्या शतकातील वाचकाने केला आणि आपल्याला आवडेल तेवढेच उद्धृत केले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शस्त्रकर्माच्या वर्णनात वेदना, रक्तस्राव किंवा उपचारानंतर रुग्णाचे काय झाले यांविषयी काहीच येत नाही. कृती आहे, परिणाम नाही. उलटे टांगण्याचा उपाय गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने आजही सयुक्तिक वाटतो, पण तो किती जणांना लागू पडला हे मजकूर सांगत नाही.

या ग्रंथात सुयांचा उल्लेख नाही. दगडी पाते आहे, डाग देणे आहे, धुरी आहे, अॅक्युपंक्चर नाही.

सिद्धांताचा आगमनकाल

सुयांचे आणि वाहिन्यांचे शास्त्र ज्या 'ह्वांगदी नेइजिंग' ग्रंथाशी जोडले जाते, तो यानंतर संकलित झाला. त्यात मूळव्याधीचे कारण अतिभोजनाने वाहिन्या सैल पडणे हे सांगितले आहे. निरीक्षण म्हणून ते मर्यादित अर्थाने चांगलेच आहे. गुदमार्गातील गाद्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडतात हा विचार आजच्या स्पष्टीकरणातही आहे. मात्र शब्दसाम्यावरून शास्त्रसाम्य सिद्ध करण्याचा मोह येथे टाळला पाहिजे.

पुढील काळात मूळव्याधीसाठी काही बिंदू ठरले. पोटरीवरचा 'चंगशान', डोक्याच्या माथ्यावरचा 'बाइहुइ', माकडहाडाजवळचा 'चांगछियांग' आणि मनगटाच्या वर बाहूवर असलेली 'अरबाइ' ही बिंदूंची जोडी त्यांत प्रमुख होत. पोटरीचा गुदाशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर मूत्राशय-वाहिनीची एक शाखा गुदात शिरते असे दिले जाते. माथ्यावरचा बिंदू खाली उतरलेले वर उचलतो, असे मानले जाते. ही मांडणी आपल्या परिघात सुसंगत आहे. परंतु सुसंगती हा पुरावा नव्हे. व्याकरण शुद्ध असलेले वाक्य खरे असतेच असे नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर सुयांचा काही उपयोग होतो का, याचा अभ्यास आधुनिक काळात झाला आहे आणि तो प्रश्न विचारण्यासारखा आहे. सुजलेले कोंब सुईने आटतात हा दावा वेगळा आहे. दोन्ही दावे एकाच परिच्छेदात ठेवून पहिल्याचे बळ दुसऱ्याला उसने देण्याची पद्धत प्रचारपर लेखनात आढळते.

सोमल आणि दोरा

चिनी उपचारांचा खरा संघर्ष सुयांच्या क्षेत्रात नव्हता. तो कोंब जाळणारे क्षारक आणि कोंब बांधणारा दोरा यांच्यात होता.

सोंग काळापासून सोमल, म्हणजे आर्सेनिक, मिसळलेले चूर्ण मूळव्याधीवर लावण्याची पद्धत ग्रंथांत दिसते. या चूर्णाने कोंब काळा पडून वाळतो व गळतो. म्हणून त्याला 'वाळवणारे' औषध म्हटले जाई. चन शिगोंग यांच्या १६१७ मधील बाह्यव्याधींवरील प्रसिद्ध ग्रंथातही सोमलयुक्त औषधांना स्थान आहे. पुढे हे औषध सुईसारख्या कांडीच्या रूपात कोंबात खुपसले जाऊ लागले. उपचार दिसायला खात्रीचा होता, कारण कोंब डोळ्यांदेखत गळून पडे. पण गुदमार्गाचे अस्तर रक्ताने समृद्ध असते. तेथे लावलेला सोमल शरीरात शोषला जातो. जो उपचार रोग नाहीसा करताना दिसतो तोच रुग्णाला विष देत असतो.

दुसरीकडे दोरा होता. इ. स. ९९२ मध्ये पूर्ण झालेल्या 'ताइपिंग शेंगहुइ फांग' या राजकीय संकलनात कोंब कोळ्याच्या धाग्याने बांधण्याचा उपाय आहे. कोंबाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो आपोआप गळतो. १९५८ मध्ये ब्लेझडेल यांनी व १९६३ मध्ये बॅरन यांनी प्रचारात आणलेल्या बंधन-पद्धतीचे तत्त्व हेच आहे. आज तेथे रबराचे कडे वापरले जाते. येथे 'चीन प्रथम' अशी घोषणा करण्याचे कारण नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथसमूहात भगंदरासाठी धाग्याचा उपचार आहे आणि सुश्रुतसंहितेत अर्शासाठी औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार मार्ग सांगितले आहेत. अवघड जागी सुरी चालवणे धोक्याचे आहे हे ज्यांनी पाहिले त्या सर्वांना दोरा सुचला असावा.

या वादातील सर्वांत मौल्यवान साक्ष शू चुनफू यांच्या १५५६ मधील बृहत् वैद्यकग्रंथात आहे. तेथे भगंदराने ग्रासलेल्या एका वैद्याचे प्रथमपुरुषी निवेदन येते. सतरा वर्षे तो या विकाराने त्रस्त होता. त्याने पुष्कळ ग्रंथ चाळले आणि प्राचीनांनी सांगितलेले उपाय निष्ठेने केले. गुण आला नाहीच, उलट सोमलाच्या विषबाधेतून तो जेमतेम वाचला. भीतीने झोप आणि अन्न दोन्ही गेले. पुढे ली चुनशान नावाच्या उपचारकाने एका वनस्पतीच्या मुळीबरोबर उकळलेला दोरा त्याच्या भगंदरातून ओवला, आणि सत्तरहून अधिक दिवसांनी तो पूर्ण बरा झाला. त्यानंतर त्याने हाच उपाय इतर रुग्णांवर केला व दोऱ्याला शिशाचे वजन टांगले. त्याचे निरीक्षण असे, की दोरा रोज थोडा खाली उतरतो आणि त्याच्यामागे मांस भरत येते.

हे निवेदन मावांगदुईच्या रेशमाशेजारी ठेवून वाचले म्हणजे फरक लक्षात येतो. येथे काळ मोजलेला आहे, अपयश सांगितले आहे, विषबाधेचा दोष 'प्राचीन' उपायावर ठेवला आहे आणि यशाचे कारणही दिले आहे. ते कारण यीन-यांग किंवा पंचतत्त्वांच्या भाषेत नाही. दोरा कापत जातो आणि मागची जखम भरत येते, त्यामुळे गुदाचा स्नायू एकदम तुटून रुग्णाचा मलावरील ताबा जात नाही. भगंदरात दोरा वापरण्याचे हेच समर्थन आज शल्यविज्ञान देते. हा वैद्य परंपरेच्या बाहेरचा नव्हता. त्याने प्राचीनांचे म्हणणे स्वतःच्या शरीरावर पडताळले आणि ते नाकारले. गौरवपर लेखनात याच निवेदनाचा उल्लेख 'दोऱ्याचा प्राचीन शोध' एवढ्यापुरताच केला जातो आणि सोमलाविषयीचे वाक्य गाळले जाते. असे केल्याने परंपरेचा गौरव होत नाही, तिच्यातील सर्वांत प्रामाणिक आवाज दाबला जातो.

विसाव्या शतकातील पुनर्रचना

१९५५ मध्ये बीजिंग येथे चिनी वैद्यकाची संशोधन अकादमी स्थापन झाली. १९५८ मध्ये माओ यांनी चिनी वैद्यकाला महान खजिना म्हटले आणि त्याचे उत्खनन करून दर्जा उंचावण्याचे आवाहन केले. या काळात वैद्यांच्या घराण्यांतील गुप्त पाठ गोळा करण्यात आले व सोमलाच्या कांड्यांचा रुग्णालयांतून अभ्यास सुरू झाला; पुढे सोमलविरहित कांड्या तयार झाल्या. ज्या द्रव्यामुळे औषध औषध मानले जात होते तेच काढून टाकल्यावर उरले ते नाव आणि आकार. ही घटना लज्जास्पद नाही. परंतु तिला 'अखंड परंपरा' म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

१९७० च्या दशकात बीजिंगच्या ग्वांगआनमन रुग्णालयात शी झाओची यांनी 'शियाओझीलिंग' हे इंजेक्शन विकसित केले. नावाचा अर्थ 'झी नाहीशी करणारे गुणकारी' असा होतो. त्यातील मुख्य घटक तुरटी आणि टॅनिक आम्ल हे आहेत. टॅनिक आम्ल ज्या वूबेइझी या गाठींपासून मिळते त्यांचे नाते मराठी घरांतील बाळगुटीत उगाळल्या जाणाऱ्या मायफळाशी आहे. झाड वेगळे, पण दोन्ही गाठी किडींमुळे तयार होतात व दोन्ही तुरट असतात. हे द्रावण चार टप्प्यांत कोंबाच्या वेगवेगळ्या थरांत टोचले जाते. तेथे जंतुविरहित दाह होतो, तंतू तयार होतात आणि सैल झालेली गादी स्नायूला चिकटून बसते. जपानमध्ये याच दोन घटकांवर आधारित औषध २००५ पासून वापरात आले.

या औषधाला 'चिनी' म्हणावे की 'आधुनिक', असा वाद घालता येतो. तुरट द्रव्याने सैल भाग आवळतो ही कल्पना जुनी आहे. सुई, शुद्ध रसायन, टप्पे आणि तंतुनिर्मितीचे स्पष्टीकरण आधुनिक आहे. अमेरिकेतही १८७१ साली इलिनॉय राज्यातील मिचेल यांनी कार्बोलिक आम्ल तेलात मिसळून मूळव्याधीत टोचण्यास प्रारंभ केला, आणि हा गुप्त पाठ फिरत्या भोंदू उपचारकांना विकला गेला. गुप्त पाठ, फिरता वैद्य, क्षारक द्रव्य आणि पुढे रुग्णालयाने केलेली शुद्धी हा क्रम दोन्ही देशांत सारखाच दिसतो. म्हणून 'पौर्वात्य विरुद्ध पाश्चात्त्य' ही विभागणी या विषयाला फारशी उपयोगी पडत नाही.

बाजाराने मात्र ती विभागणी जपली आहे. चीनमधील मूळव्याधीच्या एका सर्वपरिचित मलमात कस्तुरी, गोरोचन, मोती, टंकणखार आणि भीमसेनी कापूर हे घटक असतात. कस्तुरी आता कृत्रिम वापरतात. उत्पादक आपली परंपरा १५८२ पर्यंत नेतात. त्या वर्षीचे औषध डोळ्यांसाठी होते. मूळव्याधीचे मलम १९८० च्या दशकातले आहे.

प्रमाणाचा प्रश्न

रक्तस्रावी मूळव्याधीवरील चिनी वनौषधींचा कॉक्रेन आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने काही औषधांचा उपयोग होत असण्याची शक्यता नाकारली नाही. मात्र चाचण्यांचा दर्जा इतका कमी होता की ठाम शिफारस करता येत नाही, असे नोंदवले. चाचणी झाली नाही असे नाही. ती नीट झाली नाही. ही टीका परंपरेवर नसून आधुनिक संशोधन-व्यवहारावर आहे, ही बाब समर्थक आणि विरोधक दोघांच्याही नजरेतून निसटते.

दर्जाचा हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नाही. शौचावाटे रक्त जाणे हे मूळव्याधीचे लक्षण आहे, तसेच ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही आहे. 'झी' या शब्दाने चौदाशे वर्षांपूर्वी चार व्याधी एका पिशवीत घातल्या. आज त्याच पिशवीत पाचवी व्याधी नकळत राहिली तर मलम लावण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. तपासणीपूर्वीच उपचाराचे नाव सुचवणारा वैद्य, मग तो सुई वापरो वा इंजेक्शन, या एका कारणासाठी दोषी ठरतो.

नीट चाचणी करता येते याचे उदाहरण भारतात आहे. चक्रदत्ताच्या परंपरेतील क्षारसूत्र, म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस लेप दिलेला दोरा, बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात पुन्हा अभ्यासला गेला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदराच्या रुग्णांवर अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत : दोऱ्याने जखम भरण्यास आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार, वर्षभरात भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण दोऱ्यात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. १५५६ च्या ग्रंथातील त्या वैद्याने स्वतःच्या बरे होण्यास सत्तरहून अधिक दिवस, म्हणजे दहा आठवडे, लागल्याचे लिहून ठेवले होते.